जिना उंच आहे, एवढंच

पंचवटीत अफवा आहे की भाजीवाल्या लंकाबाईंनी नुसतं आडून बोलून तीन लग्नं मोडली. साफ खोटं. लग्नं आधीच मोडलेली होती. मुलाकडचे "पत्रिका जुळत नाही" असं मोघम कळवायचे आणि निफाडकडची स्थळं सुचवणाऱ्या लंकाबाई, जुडीचा दोरा दातात धरून, मुलीकडच्यांना सांगायच्या, "नकार हाय. पुढचं बघा."

आमच्या दीपमालाताईला त्यांनीच आणलेला निफाडचा रविराज आवडला. पण बघण्याचा कार्यक्रम आटोपून निघताना त्याची आई म्हणाली, "तुमचा जिना लय उंच हाय हो," आणि आमच्या घरात गोंधळ सुरू.

पप्पा म्हणाले, "घर लहान म्हणतायत."

काकू म्हणाली, "छे, मुलगी बुटकी म्हणतायत."

मी अकरावीच्या इंग्रजीत नुकताच शिकलेला शब्द काढला. "हे इन्सिन्युएशन आहे. हिंट चांगलीही असते, हा आडून मारलेला टोमणा. अर्थ असा, की हा जिना आम्ही पुन्हा चढणार नाही."

पप्पांना ते पटलं, हीच पंचाईत. "मग त्यांच्या आधी आपणच नकार कळवू!" ताई रडायलाच लागली. मी मंडईत पळाले.

"इन्सिनु काय?" लंकाबाई म्हणाल्या. "म्हंजे लेकी बोले सुने लागे. मग तसं म्हन की! पन हितं ते नाय. जिना उंच म्हंजे जिना उंच."

"मावशी, असं सरळ कोण बोलतं?"

"माझ्या टायमाला पोराकडचे 'कळवतो' म्हनले, अन् बाप माझा दोन वर्सं वाट बघत बसला. तवापासून मी इचारूनच घेती." त्यांनी मोबाईल काढला.

"नकारच येणार. पैज! महिनाभर कोथिंबीर फुकट."

"अन् होकार आला तर एक सकाळ हितं बसून मेथी इकायची. माझी नक्कल करत फिरतीस, ती हितं नाय करायची, सांगून ठेवती. तुझ्या आवाजात."

स्पीकरवर रविराजची आई म्हणाली, "पोरगी पसंत हाय ओ! पन बोलनी आमच्याकडं करू. गुडघे धरलेत, तो जिना काय मी पुन्हा चढत नाय."

पुन्हा चढत नाही! हेच तर मी म्हणाले होते! मग मी हरले कशी? पप्पांना विचारलं, काकूला विचारलं. दोघंही साखरपुड्याच्या गडबडीत.

शनिवारी सकाळी लंकाबाईंच्या गोणपाटावर बसून मी माझ्या आवाजात "मेथी घ्या" म्हणाले. कुणी वळूनही पाहिलं नाही. नऊ वाजेपर्यंत दोन जुड्या गेल्या, त्यातली एक काकूने घेतली.