मुदपाकखान्यातलं भांडण

स्टाफरूममध्ये शिपाई मामांनी ट्रे पुढं केला आणि खाली बघत म्हणाले, "बाई, तुमचा ह्यो. सरांनी येगळा ठिवायला सांगितलाय."

टवका उडालेला कप.

शिरूरच्या कॉलेजात मी तेव्हा आठ वर्षं इंग्रजी शिकवत होते. सुरतेत प्लेग आल्याच्या बातम्या होत्या, आणि रविवारी मी दौंडकडे माहेरी, आमच्या धनगरांच्या मेंढवाड्यावर जाऊन आले होते. विभागप्रमुख सर पेपरआडून म्हणाले, "पिसवांचं काही सांगता येत नाही, बाई. आणि ते प्लेगचं पुस्तक उद्यापासून मी घेतो. हवेलीतली माणसं तुम्हाला काय उमगणार?"

सगळे हसले. मुलांनो, मीही हसले.

ते पुस्तक म्हणजे मध्ययुगातला कथासंग्रह. शहरात प्लेगनं माणसं मरतायत. दहा श्रीमंत तरुण-तरुणी बागेतल्या हवेलीत निघून जातात आणि एकमेकांना गोष्टी सांगतात. सगळ्या गोष्टींना धरून ठेवणारी ही बाहेरची गोष्ट म्हणजे चौकट. हे मी दर वर्षी नीट मुद्दे पाडून शिकवायचे. नोकरही बरोबर आलेले असतात. ते रांधतात, पाणी भरतात. गोष्ट सांगायची पाळी त्यांच्यावर कधीच येत नाही. एकदाच मुदपाकखान्यातून त्यांच्या भांडणाचा आवाज येतो, आणि बोलणाऱ्या मोलकरणीला फटक्यांची धमकी देऊन गप्प केलं जातं. माझ्या शिक्षकांनी सांगितलं होतं, ही विनोदाची जागा. मीही तेच सांगत आले. मेंढरांत वाढलेली मी. आठ वर्षं हवेलीच्या बाजूनं.

चहा तसाच ठेवला. त्या दिवशीचा तास अजून माझा होता. वर्गात जाऊन विचारलं, "ही चौकट कुणाच्या जिवावर उभी आहे?"

कारेगावची एक मुलगी उठली. "रांधणाऱ्यांच्या, मॅडम. पर त्यांना गोष्टी येत न्हाईत व्हय?"

"येतात. सांगू दिल्या जात नाहीत. ते भांडण पुन्हा वाच. मोठ्यानं."

ती वाचत असताना सर दारात येऊन उभे राहिले. "बाई, हे परीक्षेत येत नाही."

"येणार, सर. सहामाहीचा पेपर मी काढतेय."

मी मुलीला पुढं वाचायची खूण केली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी लेखी खुलासा मागितला. माफी लिहा, म्हणजे तास राहतील, असंही सुचवलं. मी सुवाच्य अक्षरात एकच ओळ लिहिली: "काल वर्गात जे शिकवलं, ते पुन्हा शिकवीन."

वरचे वर्ग काढून घेतले. निवृत्तीपर्यंत परत दिले नाहीत.

ती ओळ मी मागे घेतलेली नाही. घेणारही नाही.