चौदा एप्रिलचं मानधन

दिल्लीत रॅपर म्हणून पोट भरायचं तर आधी पंजाबी व्हावं लागतं. मी नागपूरकडच्या बौद्ध घरातला, सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेला, पहाडगंजच्या मराठी शाळेत पाठांतराची बक्षिसं मिळवलेला. तरी गुडगावच्या क्लबांत मी ‘ओये सोणिये’ करत उड्या मारायचो. आमच्या घरात बाबांच्या सायकलपलीकडे वाहन नव्हतं, आणि मी लांबलचक गाड्यांवर कडवीच्या कडवी लिहिली. दारूवरही लिहिली. बाबा सुपारीसुद्धा खात नसत.

गुडगावात तेव्हा जिकडे बघावं तिकडे मॉल उघडत होते. मॉल उघडला की स्टेज यायचं, आणि स्टेजवरचा माइक धरायला माझ्यासारखी पोरं रांग लावून उभी. कधी प्रेशर कुकरच्या स्पर्धेत बायकांना हसवायचं, कधी नोएडाच्या बिल्डरसाठी ‘थ्री बीएचके’ला यमक जुळवायचं. एकानं तर पैशांऐवजी जेवणाची कूपनं दिली, तीही त्याच दिवशी संपणारी. गळ्यातली चेन सदर बाजारातली. घाम आला की मान हिरवी व्हायची. गाणं रेकॉर्ड करायचे पैसे मी द्यायचे, व्हिडिओचे मी द्यायचे, आणि लोकांनी ते फुकट ऐकायचं. या धंद्याचं गणित मला आजवर कुणी समजावून देऊ शकलेलं नाही. कार्यक्रम मिळवून देणारा मॅनेजर होता, त्याला एकदा मी माझं मराठी रॅप ऐकवलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं, एवढं म्हणायला हवं. मग म्हणाला, “भाई, अच्छा है. लेकिन इसपे नाचेगा कौन?”

मला यमक लावायला अमेरिकेनं शिकवलं नाही. आमच्या कॉलनीतल्या जयंतीच्या स्टेजनं शिकवलं. दर चौदा एप्रिलला पार्कात निळा मंडप उभा राहायचा, नागपूरहून गायक यायचे, आणि मी पहिल्या रांगेत सतरंजीवर बसून त्यांच्या ओळी तोंडातल्या तोंडात घोळवायचो. त्या गायकांना जयंती समिती रेल्वेचं तिकीट द्यायची, दोन वेळचं जेवण आणि एक शाल. पैसे कुणालाही नाहीत. हा नियम बाबांचा. केंद्र सरकारच्या कचेरीत कारकून असलेले बाबा वर्षानुवर्षं समितीचे खजिनदार होते. “ज्या नावानं आपल्या हातात पाटी आली, त्या नावावर पोट भरायचं नाही,” असं ते म्हणत. मीटिंगला निघताना घरून चहा पिऊन निघत, म्हणजे समितीचा प्यावा लागू नये. आई म्हणायची, “तुमच्या एका कपानं काय समिती बुडणार आहे?” बाबा चपला घालत राहायचे.

माझी पंचाईत अशी की पंजाब्यांची बैसाखीही नेमकी तेव्हाच. गुडगावातले सगळे क्लब त्या दिवशी भरून वाहायचे, आणि माझ्यासारख्याला वर्षातली सगळ्यात खात्रीची कमाई तीच. सलग तीन वर्षं बाबांनी विचारलं, “या वर्षी आपल्याकडे म्हणशील का?” आणि तीन वर्षं मी सांगितलं, “बाबा, ॲडव्हान्स घेतलाय.” ते “अच्छा” म्हणायचे. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

चौथ्या वर्षी त्यांची रिटायरमेंट आली. मे अखेर क्वार्टर सोडायचं, सामान बांधायचं आणि कायमचं नागपूर. म्हणजे ही त्यांची दिल्लीतली शेवटची जयंती. मी तेव्हा मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहत होतो. दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं आणि घरमालक काही संगीतप्रेमी नव्हता. एका रविवारी घरी गेलो. आईनं पाटोडीचा रस्सा केला होता. बाबांनी नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. ताटातून नजर न काढता म्हणाले, “तिकडे किती देतात रे एका कार्यक्रमाचे?”

खरं म्हणजे सहा हजार मिळायचे, त्यातूनही मॅनेजर आपले कापायचा. मी म्हणालो, “पंधरा हजार.”

आयुष्यभर फायली उपसून रिटायर होणाऱ्या बापासमोर सहा म्हणायची लाज वाटली. त्यांनी मला शिकवलं होतं. शिकून मी काहीतरी मोठं करतोय असं त्यांना वाटावं, एवढाच लोभ होता. बाबा म्हणाले, “अच्छा,” आणि आईला भात वाढायला सांगितलं.

आठवड्याभरानं त्यांचा फोन आला. कचेरीतल्या आवाजात बोलत होते. “समितीनं ठरवलंय. यंदापासून कलाकाराला मानधन द्यायचं. तुला पंधरा हजार मंजूर झालेत. येशील ना?”

मला त्याच क्षणी कळलं. पंधरा हजार हा आकडा जगात फक्त आमच्या जेवणाच्या ताटाभोवती बोलला गेला होता. समितीला मंडपाचं भाडं देताना घाम फुटायचा, ती मला पंधरा हजार कुठून देणार? मी म्हणायला हवं होतं की बाबा, फुकट येतो. ओठांवर आलं होतं. पण डोळ्यांसमोर घरमालक होता. मी म्हणालो, “समितीनं ठरवलं असेल तर येतो.”

“बिल्कुल समितीनंच,” बाबा म्हणाले.

मॅनेजरला नाही म्हटलं. त्यानं शिव्या घातल्या आणि पुढच्या कामांतून माझं नाव काढलं.

चौदा एप्रिलला मी चेन न घालता स्टेजवर चढलो. मराठीत म्हटलं. बाबांची बस, बाबांचा डबा, पावसात गळणारं क्वार्टर, सगळं त्यात होतं. “बाप माझा बसनं गेला, उभा राहून गेला, सीट रिकामी झाली तेव्हा मला बसवून गेला.” समोरच्या निम्म्या पोरांना मराठी धड समजत नव्हतं, तरी ती ताल धरून उड्या मारत होती. मावश्या, काकू टाळ्या वाजवत होत्या, चुकीच्या ठिकाणी, पण मनापासून. बाबा मागे खिरीच्या पातेल्यांपाशी उभे होते. ते टाळ्या वाजवत नव्हते. हातात डाव तसाच धरून ऐकत होते. तेवढं चांगलं मी आधी कधी म्हटलं नव्हतं, नंतरही नाही.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला मंडपाच्या मागे नेलं. शर्टाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं. लग्नात देतात तसलं, वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं. “कुणाला बोलू नकोस,” म्हणाले. “पायंडा पडायचा.”

मी पाकीट घेतलं. दुसऱ्या दिवशी ते घरमालकाला दिलं. नाणं काढून ठेवलं होतं, तेही पुढे चहाला गेलं.

बाजारात माझी किंमत सहा हजार होती आणि घरी पंधरा. आणि घरचं गिऱ्हाईक तर रिटायर होऊन निघालं होतं. स्टेशनवर त्यांना गाडीत बसवून परतताना हे मला इतकं स्वच्छ दिसलं की पुढे माइक हातात धरवेना. वर्षभर ओढाताण केली आणि नोएडात एका कंपनीत लागलो. ‘कृपया प्रतीक्षा करें’ वगैरे फोनवर ऐकू येतं ना, तसली वाक्यं मी वाचून द्यायचो. पगार महिन्याच्या महिन्याला. बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा आधी नेहमीचं “अच्छा” आलं. मग म्हणाले, “आणि गाणं?” मी म्हणालो, “चालू आहे थोडंफार.”

काही वर्षांनी बाबा गेले. पुण्यानुमोदनाला नागपूरच्या घरी गल्लीतली माणसं जमली होती. वंदना झाली, लोक बाबांविषयी बोलले. नंतर बाबांच्या फिरायच्या वेळचे एक सोबती माझ्याजवळ येऊन बसले. माझा हात हातात घेतला.

“तुम्हीच ना ते दिल्लीचे कलाकार? तुमचे बाबा रोज सांगायचे. म्हणायचे, मी नियम केला होता, जयंतीला कुणाला एक पैसा द्यायचा नाही. पण माझा मुलगा असा म्हणायचा की समितीला नियम मोडावा लागला. पंधरा हजार दिले, म्हणायचे. खरं का हो?”

आई दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं.

“हो,” मी म्हणालो. “पंधरा.”