पडद्यावरची बाग

एकच चित्र पडद्यावर दिवसच्या दिवस ठेवू नका, त्याचा डाग बसतो, हे मी आमच्या शेठना किती वेळा सांगितलं असेल, देव जाणे. नव्वदच्या दशकाची अखेर होती. मीरा रोडला सिल्व्हर पार्कजवळ एका बिल्डरच्या ऑफिसात मी बुकिंगचं काम बघायचे. छापील नकाशे यायचे होते, म्हणून शेठनी कुठून तरी एक सेकंडहँड लॅपटॉप आणला होता. त्यावर बिल्डिंगचा नकाशा आणि डाव्या कोपऱ्यात हिरवीगार बाग. दसऱ्याला शेठनी त्याची पूजा केली, झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि फर्मान सोडलं, "अभी हे बंद करायचं नाय. धंद्याच्या जागी काळा पडदा म्हणजे अपशकुन." देवाच्या तसबिरीपुढचा दिवा आणि हा लॅपटॉप, दोन्ही सकाळपासून चालू. दिवा निदान तेल संपलं की विझायचा.

मी ब्राइटनेस कमी करून ठेवायचे, शेठ येता-जाता वाढवायचे. स्क्रीनसेव्हर लावला, तर तो काढायला लावला. एका बाईचं ऐकलं असतं तर यांचा शेठपणा उतरला असता बहुतेक!

त्याच नकाशावर माझ्या थोरल्या बहिणीनं फ्लॅट घेतला. भावजींना अर्धांगवायू झाला होता. भाईंदर पूर्वेच्या घरातून, तिसऱ्या मजल्यावरून, ते वर्षभर खाली उतरले नव्हते. "तळमजला घे ताई," मीच म्हटलं, "दार उघडलं की बाग. काठी टेकत रोज दोन फेऱ्या मारतील." बागेतली गोल पायवाट मी तिला पडद्यावर बोट फिरवून दाखवली होती.

होळीच्या सुमारास नकाशा बदलला. बागेच्या जागी आणखी एक विंग आली. जुनी फाइल शेठनी समोर बसून माझ्याकडून पुसून घेतली. ताईला सांगायचं मी रोज उद्यावर ढकलत राहिले.

फाइल गेली, पण पडद्यावरची बाग जाईना. नव्या विंगच्या आरपार ती फिकट दिसायची, धुतल्यावरही राहिलेल्या हळदीच्या डागासारखी. एका गिऱ्हाईकानं विचारलंच, "ये गोल क्या है?"

तो गेल्यावर शेठ माझ्यावर उखडले. "तूच बिघडवलंस! साफ कर, नायतर उद्यापासून येऊ नको."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यानं माझं एक ऐकलं नाही, तो मलाच दोष देत होता! भाईंदरच्या एका रिपेअरवाल्यानं मला उपाय सांगितला होता. पडदा कोरा पांढरा करून काही तास चालू ठेवायचा, मग तितकाच वेळ बंद. मी दात-ओठ खात दोन दिवस तेच केलं. आता या माणसाला दाखवतेच, एवढंच डोक्यात होतं. माझा राग अपमानाचा होता, बाग गेल्याचा नव्हता, हे लिहितानाही लाज वाटते. डाग पार गेला तेव्हा मी चक्क खूश झाले.

त्याच आठवड्यात ताई काम बघायला आली. बागेच्या जागी पाया खणलेला बघून ती तडक ऑफिसात शिरली.

"बाग कुठं आहे?" तिनं शेठना विचारलं.

"बाग? ताई, बाग कधी नव्हतीच. ही तुमचीच बहीण ना? विचारा तिला."

लाज कोळून प्यायलेला माणूस! त्याला तिथंच खडसवायला हवं होतं. पण नोकरी डोळ्यांपुढे आली आणि मी शेपूट घातलं.

ताई माझ्याकडे वळली. "अगं, तू दाखवली होतीस ना? दाखव बघू."

मी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. पडदा लख्ख होता. ताईनं डाव्या कोपऱ्यावर बोट टेकवलं आणि नव्या विंगवरून हळूहळू गोल फिरवलं, अगदी मी फिरवलं होतं तसंच.

"इथून वळत होती," ती म्हणाली. "आठवतंय ना तुला?"

शेठ माझ्याकडे बघत होते. मी पडद्याकडे बघत म्हणाले, "नाही आठवत, ताई."