पंप का ओरडत होता

"पेशंटला सेप्टिक शॉक आहे," असं डॉक्टरांनी सांगितलं ते मला नाही, माझ्या नवऱ्याला. मी बाजूच्याच स्ट्रेचरवर डोळे मिटून पडले होते. त्यांना वाटलं हिला काही ऐकू येत नाही, आणि मला तर सगळं ऐकू येत होतं. शॉक म्हणजे करंट, एवढंच मला माहीत. मनात म्हटलं, मी आज इस्त्रीलासुद्धा हात लावला नाही.

मग त्यांनी समजावलं. लघवीचा संसर्ग रक्तात उतरला होता, त्याने रक्तवाहिन्या सैल पडल्या आणि बीपी इतकं खाली आलं की किडनीला पुरेसं रक्त पोचेना. याला सेप्टिक शॉक म्हणतात. "अँटिबायोटिक सुरू केलंय, पण त्याला काम करायला वेळ लागतो. तोवर बीपी धरून ठेवणारं औषध थांबता कामा नये," ते म्हणाले. ऐकून आमच्या ह्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

लग्नसराईचे दिवस होते. नंदनवन वस्तीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे आणि त्या दिवसांत गिऱ्हाईक दारातून हलत नाही. लघवीला जळजळ होत होती, तर मी धन्याचं पाणी पीत राहिले. बाईमाणूस असल्या गोष्टी कुणाला सांगते? हुडहुडी भरून मशीनवरच डोकं टेकलं तेव्हा घरच्यांना कळलं. बायांनो, जळजळ आणि थंडी वाजून ताप, दोन्ही सोबत आलं की धन्याच्या पाण्याच्या भरवशावर बसू नका. सरळ दवाखाना गाठा.

तर मी आयसीयूत. बीपी धरून ठेवणाऱ्या औषधाचं नाव नॉरअॅड्रिनलिन. ते सिरिंज पंपाने देतात. हा पंप म्हणजे खाटेजवळच्या दांडीवर बसवलेली छोटी पेटी. तिच्यात औषध भरलेली मोठी सिरिंज आडवी ठेवतात आणि पेटी तिचा दट्ट्या इतका हळू ढकलते की डोळ्याला काही दिसत नाही. माझ्या डाव्या हाताला शीर सापडलीच नाही, तिथे बीपीचा पट्टा बांधला. उजव्या हाताला कोपराच्या वळणावर एक शीर मिळाली, तिथे सुई बसवली. सावनेरकडच्या एक सिस्टर होत्या. त्या म्हणाल्या, "काकू, हा हात वाकवायचा नाही, बरं का." मी म्हटलं, "नाही वाकवत, बाई."

पहिल्याच दुपारी, भेटीची वेळ संपता संपता, पंप ओरडायला लागला. लाल दिवा आणि पडद्यावर अक्षरं, ऑक्लूजन. म्हणजे नळीत अडथळा. पंप औषध ढकलतो, पुढे वाट नसते, मग नळीत दाब वाढतो. तो दाब ठरावीक रेषेच्या वर गेला की पंप थांबतो आणि माणसांना बोलावतो. सिस्टर धावत आल्या. नळी पाहिली, हात पाहिला. हात सरळ, नळी मोकळी, सुई जागेवर.

पण मधल्या वेळात माझं बीपी घसरलं होतं. खाट फिरल्यासारखी वाटत होती, माणसांचे आवाज विहिरीतून आल्यासारखे. आणि लगेच उलटं झालं. छाती धडधडायला लागली, कपाळ फुटतंय की काय असं वाटलं. डॉक्टर म्हणाले, नळीत तुंबलेलं औषध एकदम आत गेलं, म्हणून बीपी वर उसळलं. "हात वाकवला होता का?" त्यांनी विचारलं. "नाही जी," मी म्हटलं, आणि देवाशपथ मला तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. नळी बदलली. त्याच्या पुढच्या दुपारी पंपही बदलला, तर नवाही तसाच ओरडला. मशीन दुरुस्त करणारे गृहस्थ येऊन जुना पंप तपासून गेले, त्यात काहीच खोट निघाली नाही. सिस्टरांनी दुसरीकडे शीर शोधून पाहिली, सूज इतकी होती की मिळाली नाही.

मग त्या विभागाच्या मॅडम डॉक्टर आल्या आणि ह्यांना म्हणाल्या, "बीपी असं खाली-वर होणं यांच्या किडनीला झेपणार नाही. आणखी एकदा झालं तर मानेतल्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन टाकावी लागेल." सेंट्रल लाइन म्हणजे लांब नळी, मानेतून हृदयाजवळ नेतात. हजारोंना टाकतात, घाबरायचं कारण नसतं, हे मला आता माहीत आहे. तेव्हा मात्र माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. किडनी जाते की राहते, एवढाच विचार.

मॅडम हट्टी. म्हणाल्या, दुपारीच का होतं ते मी उभी राहून बघते.

भेटीच्या वेळी एकेका माणसालाच आत सोडत. आधी आमचे हे येत, मग माझे भासरे. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. घरातला हातमाग त्यांनीच शेवटपर्यंत चालवला, आता उमरेडला असतात. मी भरती झाल्यापासून रोज एसटीने येत, पायथ्याशी हात मागे बांधून उभे राहत, एक शब्द न बोलता बघत आणि वेळ संपली की जात. त्या दिवशीही तसेच येऊन उभे राहिले.

पंपाच्या पडद्यावर दाब दाखवणारी बारीक पट्टी असते. ती चढायला लागली. मॅडमनी पंप पाहिला, नळीवरून नजर खाली आणली, आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "काकू, तुमचा हात कुठे आहे?"

माझा हात कानाजवळ होता. हॉस्पिटलची चादर मी डोक्यावरून घेतली होती आणि ती गुळगुळीत चादर घसरू नये म्हणून तिथेच मुठीत घट्ट धरून ठेवली होती. कोपर पूर्ण दुमडलेलं. भासऱ्यांपुढे पदर घ्यायचा हे लग्न झाल्यापासून इतकं अंगवळणी पडलेलं की हात कधी वर गेला ते मलाच कळत नव्हतं. त्यांची पाठ फिरली की हात आपोआप खाली येई. औषधाचा वेग इतका कमी, की अडथळा झाल्यावर दाब वाढून पंपाला कळायलाच काही मिनिटं जात. म्हणजे चोरी आधी व्हायची आणि बोंब मागून उठायची. पंप ओरडला की भासरे बाहेर निघत, आणि सिस्टर पोचेपर्यंत सगळं जागच्या जागी.

मॅडमनी मला हात सोडू दिला नाही. आधी नळी बंद केली, तुंबलेला दाब बाहेरच्या बाहेर काढला, मग म्हणाल्या, आता हळूच सरळ करा. तोवर भासरे निघून गेले होते. त्यांना वाटलं, डॉक्टरीण तपासून राहिली.

"उद्यापासून पदर नाही," मॅडम म्हणाल्या.

मी म्हटलं, "मानेत सुई घाला मॅडम, पण भासऱ्यापुढं उघड्या डोक्यानं मी नाही निजणार."

सिस्टर हसल्या. "काकू, किडनी गेली तं पदर काय कामाचा?" मला राग आला. मॅडमनी ह्यांना सांगितलं, तुमच्या भावाला समजवा. तर हे म्हणतात, "दादाले मी कसं सांगू?" आता बायको एवढी खाटेला खिळलेली आणि ह्यांना दादाची भीड. मी तोंड फिरवून पडले. शेवटी दुसऱ्या दिवशी मॅडमनीच दाराशी त्यांना थांबवलं. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. भासरे मान खाली घालून ऐकत होते, तेवढं दिसलं.

ते आत आले. मी सकाळपासून मनाला बजावत होते, हात हलवायचा नाही. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ते दिसले आणि हात उठला.

रोजच्यासारखे ते पायथ्याशी थांबले नाहीत. सरळ उजव्या बाजूला आले, माझं मनगट वरच्या वर धरलं आणि गादीवर टेकवलं.

"राहू दे वं शोभा," ते म्हणाले. "तू वाचली तं मान आहे आमचा. हात सरळ ठेव."

आमच्याकडे भासऱ्याने भावसुनेला शिवायचं नसतं. चहाचा पेला मी खाली ठेवायची, तो ते उचलायचे. काही सांगायचं तर "तिले सांगा" असं दुसऱ्याकरवी. माझं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलंच नव्हतं, त्यांना ते माहीत तरी असेल का, असा विचार कधीतरी केला होता. आणि आता भेटीची वेळ संपेपर्यंत ते माझं मनगट धरून बसले होते, खिडकीकडे तोंड करून. मला रडू आलं. पुसायला हात मोकळा नव्हता, एकाला पट्टा आणि दुसरा त्यांच्या हातात, तर तसंच वाहू दिलं. पंपाची पट्टी जागची हलली नाही.

तिथून उतार पडत गेला. बीपी आपलं आपण टिकायला लागलं, औषध कमी करत करत एके सकाळी पंप बंद केला. किडनीचे रिपोर्टही सुधारले, सेंट्रल लाइन लागली नाही. मॅडमचे आणि सिस्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्यावर किंवा तुमच्या माणसावर ही वेळ आली, तर एवढं ऐका. पंप ओरडला की स्वतः बटण दाबू नका, नळी चोळू नका, दुमडलेला हात झटक्यात सरळ करू नका. आहात तसे थांबा आणि सिस्टरला हाक मारा. हात कसा होता ते आठवून नाही, बघून सांगा. आठवणीवर मीही भरवसा ठेवला होता.

ताकद आल्यावर उमरेडला गेलो. ओसरीवर भासरे, गल्लीतले चार वडीलधारे, सगळे बसले होते. मी डोक्यावर पदर न घेता आत शिरले. कुणीतरी घसा खाकरला. भासऱ्यांनी बाजूची खुर्ची ओढली, तिच्यावरचा पेपर उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ये वं शोभा, बस."

त्या घरात त्यांच्यापुढे मी आजवर खुर्चीवर बसले नव्हते. त्या दिवशी बसले.