वेंकोबाराव सर आणि फोन नसलेला पेशंट

वेंकोबाराव सरांच्या षष्ट्यब्दीपूर्तीनिमित्त गौरवग्रंथात लिहायला सांगितलं तेव्हा मी आधी कपाळाला हात लावला. सरांनी मला किती छळलं, ते या ग्रंथात मावणार नाही.

साताऱ्याहून चेन्नईला येऊन मी कंपनीत रुजू झाले, त्या दिवशी त्यांनी तंजावरी वळणाच्या मराठीत माझ्या जेवणाची चौकशी केली. वाटलं, चला, प्रेमळ माणूस भेटला. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा कोड उघडला.

आमचा प्रोग्राम डायलिसिस केंद्रांतल्या पेशंटांच्या वेळा सांभाळतो. पायथनमध्ये लिहिलेला, छान चालणारा. पण पायथनमध्ये कुठल्या नावामागे आकडा आहे, मजकूर आहे की काहीच नाही, हे सांगायची सक्ती नसते. सरांना नेमकं तेच खुपायचं. चालत्या प्रोग्राममध्ये एकेक फाइल घेऊन हे टाइप लिहायचे आणि ते तपासून चुका दाखवणारा चेकर गप्प झाल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, असा त्यांचा हुकूम. तिकडे ग्राहक फोनवर डोकं खात होते!

पेशंटांना तातडीचा निरोप पाठवायची सोय शुक्रवारी द्यायची होती. चेकरचं एकच रडगाणं: फोन नंबर रिकामा असू शकतो. वैतागून मी तिथे 'एनी', म्हणजे काहीही चालेल, असं लिहून त्याचं तोंड बंद केलं. सरांनी ते शोधलंच. आजकाल फोन कोणाकडे नसतो, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"आमच्या अम्माकडं नाही," सर शांतपणे म्हणाले.

फोन नसलेल्यांची नावं वेगळी दाखवायची सोय करण्यात शुक्रवार अर्थातच बुडाला.

त्याच पावसाळ्यात वेलचेरीच्या केंद्रात पाणी शिरलं. सगळ्या पेशंटांना दुसऱ्या केंद्रावर बोलवायचं होतं. डायलिसिस चुकलं तर जिवावर बेतलं असतं. यादीत वरच एक फोन नसलेले आजोबा होते. माझा जुना कोड तिथेच कोसळला असता आणि खालच्या कुणालाच निरोप गेला नसता. आता आजोबांचं नाव पडद्यावर वेगळं दिसलं, नर्सबाईंनी माणूस पाठवला आणि बाकीच्यांना निरोप पोचले. सगळे वेळेवर आले.

हे सगळं मी धावत जाऊन सरांना सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "उरलेल्या फायली कधी करताय?"

काय म्हणावं या माणसाला!

आता सर निवृत्त होताहेत. शेवटची फाइल तपासल्याशिवाय जाणार नाही, असा शब्द मात्र त्यांनी दिला आहे. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. फायली अजून पुष्कळ आहेत, आणि मी मुळीच घाई करणार नाही.