साडेबाराचं पान

घराबाहेर पडताना सेतुमाधवराव आधी सदऱ्याचा खिसा चाचपत. त्यात कागदाच्या पुडीत साखर असे. मधुमेह्याच्या खिशात साखर! तमिळ मुलखातल्या आवडी गावच्या क्वार्टर्समध्ये राहायला आल्या आल्याच मी त्यांना हटकलं होतं. शेजारी मुलाकडे राहणारे हे निवृत्त मास्तर मूळचे तंजावरचे. मराठी आमच्यापेक्षा जुनं, मध्येच तमिळ; समोरच्याला 'राव' नाहीतर 'अय्या' म्हणत.

"राव, इन्सुलिनची सुई घेतली की जेवण थांबू नये," ते म्हणाले. "थांबलं तर घाम सुटतो, हात कापतात, बोलणं फिरतं. तसं दिसलं की आधी साखर, विचारपूस मागून. कळलं की नाही, अय्या?"

कळलं, असं मी समजत होतो.

वडिलांच्या श्राद्धाला एक ब्राह्मण कमी पडला, म्हणून मी त्यांना गळ घातली. त्यांनी एवढंच विचारलं, "पान किती वाजता?"

"साडेबारा. मिनिट इकडेतिकडे नाही."

माझ्या शब्दावर त्यांनी सकाळची न्याहारी सोडली, सुई बाराला घेतली आणि सोवळं नेसून उघड्या अंगानं आले. सदरा घरीच राहिला.

तांबरमहून येणारे भटजी पाऊण तास उशिरा पोचले. सव्वा वाजता सेतुमाधवराव पाटावर घामानं निथळत होते. "थोडा गूळ द्या," म्हणाले.

"विधीआधी कसा देऊ? आणि तुम्हाला गूळ? वीस मिनिटं कळ काढा."

"पो रे, जा! तुझा विधी तूच खा!" ते ओरडले.

मला एकेरी, तेही भटजींसमोर! "या वयात जिभेला एवढाही आवर नाही?" मी सुनावलं. तोवर ते भिंतीवर कलले होते.

माझ्या बायकोनं धावत जाऊन त्यांच्या पत्नीला, रुक्माबाईंना, आणलं. त्यांनी "गिळता येतंय का?" एवढं पाहिलं आणि चमच्या-चमच्यानं साखरपाणी पाजलं. दहा-पंधरा मिनिटांत त्यांची नजर स्थिरावली.

"आता भात वाढा. नुसत्या साखरेवर टिकत नाही."

मी भटजींकडे वळलो. "यांच्या तोंडात साखरपाणी पडलंय. आता हे पितरांच्या पानावर चालतील का?"

भटजींच्या आधी रुक्माबाई बोलल्या, "अय्यो, राव! तुमचे वडील थांबतील. हे नाही थांबत." भात त्यांनी स्वतःच वाढून घेतला.

संध्याकाळी सेतुमाधवराव हात जोडून दारात उभे. "मधलं मला काही आठवत नाही. तुमच्या वडिलांच्या कार्यात मी काही वावगं बोललो का? क्षमा करा."

मी "असू द्या" म्हणालो. माझ्या तोंडून तेवढंच निघालं. वर्षभरात ते गेले. क्षमा मागणारे अखेरपर्यंत तेच राहिले.