कोरं कार्ड

एखाद्या बाईचं पुस्तक दार लावून, डोळे पुसत वाचायचं आणि तीच बाई दुकानात समोर आली की हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, असं तुम्ही कधी केलंय का? सरोवराकाठच्या आमच्या सांडविक गावानं ते अडतीस वर्षं केलं.

थोरा ब्यार्नसन ही कोळ्याची पोर. सरोवर गोठलं की बाप बर्फाला भोकं पाडून जाळी सोडायचा आणि ही शेडमध्ये मासे साफ करायची. शाळा आठवीत सुटली. हातमोज्यांची बोटं कापून ती मासे गुंडाळायच्या कागदावर लिहीत बसायची. पहिली कादंबरी छापून आली तेव्हा चौतीस वर्षांची होती. तिच्यात एक कोळी दारू पिऊन बायकोला मारतो आणि अख्खं गाव भिंतीपलीकडून ऐकत बसतं. पुढे आणखी चार आल्या. टोरोंटोपासून व्हँकूव्हरपर्यंत बायकांनी पोरींना तिच्या नायिकेचं नाव ठेवलं. टपालवाला पत्रांची गोणी घसरगाडीवरून ओढत आणायचा.

आणि गाव? गावाला त्या नवऱ्याचं खरं नाव ठाऊक होतं. आपण ऐकत बसलो होतो, हेही ठाऊक होतं. त्यामुळे पुस्तकाचा विषयच बंद. थोरा कॉफीला आली की बर्फ किती जाड धरलाय, मासा कसा लागतोय, एवढंच. फार तर एखादा टोमणा मारायचा, "हिच्यापुढं शिंकू नका रे, छापून येईल." थोराही हसायची.

तिला हवं होतं ते एकच. आपल्या माणसांनी आपल्याला वाचलं, एवढं कळायला हवं होतं. पण विचारणार कशी? मानी होती. मग दर वर्षी हिवाळा सरून सरोवरावरचा बर्फ फुटला की ती वाचनालयाचा जिना चढायची. वाचनालय म्हणजे कोळ्यांच्या सोसायटीवरची एक खोली, आणि तिथं लाउगा, तिची शाळेपासूनची मैत्रीण. पुस्तकाच्या मागच्या पाकिटात कार्ड असतं. पुस्तक नेणारा त्यावर आपलं नाव लिहितो. थोरा आपल्या पहिल्या कादंबरीचं कार्ड काढून बघायची. कोरं. पुस्तकही जवळजवळ नवं. ती कार्ड परत सारायची आणि म्हणायची, "यंदा लवकर फुटला बर्फ."

लाउगा खरं सांगायची नाही. कुणाचं नाव फोडणार नाही, असा तिनं पुस्तक नेणाऱ्यांना शब्द दिला होता. कार्डावर नाव लिहिलं की ते पुढचा वाचणार, म्हणून बायका पुस्तक शालीखाली न्यायच्या, पुरुष कोटात लपवायचे, आणि लाउगा नाव न लिहिताच द्यायची. पहिली प्रत वाचून वाचून फाटली, मग दुसरी. लाउगा मुकाट्यानं शहरातून नवी मागवून फळीवर ठेवायची आणि पाकिटात नवं कार्ड घालायची; हातोहात फिरायच्या त्या जुन्याच. आपण सगळ्यांचं भलंच करतोय, असं तिला वाटायचं.

थोरा आजारी पडून वृद्धाश्रमात गेली तेव्हा मात्र लाउगाला राहवलं नाही. दोन्ही फाटक्या प्रती पिशवीत घालून ती भेटायला गेली. थोरानं पानं चाचपली. कॉफीच्या कपाचे गोल डाग. एका पानाला चिकटलेला माशाचा खवला. मारहाणीच्या प्रसंगाशेजारी पेन्सिलीनं लिहिलेलं, "असंच झालं होतं."

"कुणाचं अक्षर हे?"

"शब्द दिलाय मी, थोरा."

"म्हणजे सगळ्यांनी वाचलं. आणि माझ्याशी बर्फाबद्दल बोलत राहिले." तिनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "त्यांचं जाऊ दे. तुझं नाव कुठाय, लाउगा?"

लाउगानं ते पुस्तक अकरा वेळा वाचलं होतं. तिनं घरून आणलेला सात थरांचा केक बशीत काढला आणि बर्फाबद्दल काहीतरी बोलली.

त्या वर्षी बर्फ फुटायच्या आत थोरा गेली. चर्च भरलं, लोक पायऱ्यांवर उभे राहिले. पुस्तकाचं नाव कुणी काढलं नाही. थंडी फार आहे, म्हणाले. लाउगा तिथून थेट वाचनालयात गेली, कोटही न काढता, आणि कार्डावर आपलं नाव लिहिलं. त्याखालच्या ओळी अजून रिकाम्या आहेत.

सांडविकला आलात तर जिना चढून वर या. पुस्तक न्या, आणि लाउगाच्या खाली तुमचं पूर्ण नाव लिहा. शाईनं लिहा.